आम्ही बारांपैकी कोण

तरुणपणी मी राजवंशातली होते. निदान कोणी विचारलं तर तसं सांगायचे. फोर्टातल्या एका कचेरीत टायपिस्ट होते तेव्हाची गोष्ट. डोक्यावर पक्ष्यानं घरटं केल्यासारखा उंच अंबाडा, अर्धा चेहरा झाकणारा गॉगल, आणि आत मेंदू म्हणाल तर बेताचाच. नवीन कोणी बाई आली की थोड्या दिवसांत तिचा प्रश्न यायचाच. "तुम्ही बोलता आमच्यासारखं, साडी आमच्यासारखी, आडनावाला 'कर'सुद्धा आमच्यासारखं. मग शनिवारीच बरोबर रजा कशी लागते तुम्हाला? तुम्ही नक्की कोण?"

मी गॉगल कपाळावर सरकवून सांगायचे, "आम्ही बेने इस्राएल. बारा वंशांपैकी यहूदाचा वंश. सगळे राजे त्याच वंशात झाले." एवढं सांगून ही राजकन्या ॲल्युमिनियमचा डबा उघडायची आणि शिळ्या पोळीबरोबर भेंडी खायची.

आमच्या घरात यहूदाचं नाव कोणी कधी काढलं नव्हतं. ते मी कुठून उचललं, हे कित्येक वर्षं मलाही सांगता आलं नसतं.

ज्यांना ही भानगड ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. फार पूर्वी एका म्हाताऱ्या बापाला बारा मुलगे होते आणि त्या बारांचे बारा वंश झाले. पुढे लढाया झाल्या, राज्यं बुडाली, आणि त्यातले दहा वंश कुठेतरी पांगले ते पांगलेच. आमच्यात सांगतात की त्या पांगापांगीत कधीतरी एक जहाज अलिबागेजवळ, नवगावच्या किनाऱ्याला फुटलं. सात पुरुष आणि सात बायका वाचल्या. पोथ्या बुडाल्या. डोक्यात होतं तेवढं उरलं: शनिवारी काम करायचं नाही, खवले नसलेला मासा खायचा नाही, मुलग्याची सुंता आठव्या दिवशी करायची, आणि एक छोटीशी प्रार्थना. त्यांनी तेलाचे घाणे घातले. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावानं नाव ठेवलं शनिवार तेली.

जहाज कधी आलं, कुठून आलं, आणि त्यात बारांपैकी कोण बसलं होतं, याचा पत्ता कोणालाच नाही. तरुणपणी मला उत्तर माहीत होतं, त्यामुळे प्रश्न पडला नाही. म्हातारपणी गुडघे गेले, घरात बसणं वाढलं, आणि हा प्रश्न माझ्या मागेच लागला. आंघोळ करताना, डाळ निवडताना, सोसायटीच्या बाकावर बसून मुलांचं क्रिकेट बघताना मी मनाशी एकच धरून बसलेली: आम्ही बारांपैकी कोण?

आणि मग हा प्रश्न एकदम नातवाच्या लग्नाचा झाला.

नातू इस्राएलात कॉम्प्युटरचं काम करतो. एक दिवस त्याचा फोन आला. आवाज नेहमीपेक्षा गोड होता, म्हणजे काहीतरी हवं होतं.

"आजी, एक मुलगी आहे."

"मग? मला काय विचारतोस? तिला विचार."

"तिला विचारलं. ती हो म्हणाली. पण तिची आजी नाही म्हणाली तर ती लग्न करणार नाही. आई लहानपणीच गेली तिची, आजीनंच वाढवलंय. सरळ सांगितलंय तिनं मला."

"कुठली आहे मुलगी?"

"आपलीच. बेने इस्राएल. तिची आजी परकरात असताना ठाण्याहून इकडे आली."

"मग अडलंय कुठे?"

"आजी म्हणते, आधी घर बघेन. ती नवस फेडायला अलिबागकडे येतेय, तेव्हा एक दिवस तुझ्याकडे नेरूळला येईल."

"तुझे आईबाप आहेत ना पुण्याला? त्यांना बघ म्हणावं."

"त्यांच्याशी व्हिडिओवर बोलली. म्हणाली, यांना काही माहीत नाही. तिला घरातली सगळ्यात जुनी बाई हवी." मग तो म्हणाला, "आजी, प्लीज, नीट वाग."

"म्हणजे कशी वागू?"

"म्हणजे तू वागतेस तशी नको."

मनात मी तिचं चित्र रंगवून ठेवलं होतं. नऊवारी, कानात बुगड्या, हातात काठी. तिकडे गेलेली माणसं माझ्या डोक्यात बोटीवर चढताना होती त्याच कपड्यांत उभी आहेत. दार उघडलं तर पँट, पांढरेशुभ्र बूट, बॉबकट आणि पाठीला सॅक. वयानं माझ्याच बरोबरीची, पण तिचे गुडघे शाबूत दिसत होते. मला तिथेच राग आला.

चौकटीवर आमची मंत्राची डबी असते, मेझुझा. तिला तिनं बोटं लावली, ओठांना लावली, आणि तोंड उघडलं तर थेट माझ्या आजीची मराठी बाहेर आली.

"बरं बाई, इथून मशीद कितीशी लांब?"

लिफ्टमधून तिच्याबरोबर आलेले शेजारचे काका दचकून आमच्याकडे बघायला लागले. आमच्या जुन्या बोलण्यात सिनेगॉगला मशीदच म्हणत. आम्ही ते कधीच सोडून दिलं. ती मात्र लहानपणी जेवढी मराठी घेऊन गेली होती तेवढी तिनं जशीच्या तशी सांभाळली होती. बरणीतल्या लोणच्यासारखी मुरलेली.

चहा झाला. तिनं घर बघितलं म्हणजे खरंच बघितलं. मटण आणि दूध आमच्यात एकत्र चालत नाही, तर दोन्हींची भांडी वेगवेगळ्या फळीवर आहेत का, इथपर्यंत. मग सोफ्यावर टेकून म्हणाली, "गाव कोणतं तुमचं?"

मी सांगितलं.

"आणि वंश?"

पन्नास वर्षांपूर्वी विचारलं असतं तर मी गॉगल वर केला असता. आता म्हटलं, "ते मलाच हवंय. तुम्ही सांगा."

"आम्ही आशेर," ती म्हणाली. "बारा मुलांना आशीर्वाद मिळाले, त्यात आशेरच्या वाट्याला तेल आलं. पाय बुडतील एवढं तेल. आणि आपण काय केलं? घाणे. उगाच?"

"असं असेल तर कोकणातले सगळेच तेली आशेरचे. मला वाटतं आपण जबुलून. त्याच्या वाट्याला समुद्रकिनारा आला होता, गलबतांचं बंदर. आपण आलो जहाजातून."

"जहाज फुटलं की."

"हो, पण किनाऱ्यालाच फुटलं ना?"

ती हसली नाही, पण ओठ जरा हलले. "तेलात पुरावा आहे," ती म्हणाली. "पाण्यात काय आहे?"

"पाण्यात मासे आहेत. जेवायला थांबणार ना?"

दोघी रिक्षा करून दिवाळ्याला गेलो. खाडीकाठी कोळ्यांचं गाव आहे ते. मी नव्या मुंबईत राहायला आले तेव्हापासून तिथल्या एकाच कोळणीकडून मासे घेते. आधी तिच्या सासूकडून घ्यायचे. वाटेत पाहुणी उंच इमारती बघत होती आणि म्हणत होती, "हे सगळं नव्हतं." मी म्हटलं, "मीसुद्धा नव्हते."

कोळीण पाटीमागे पाय पसरून बसली होती. पाहुणीला तिनं बुटांपासून केसांपर्यंत न्याहाळलं.

"काय गो म्हातारे, आज मॅडम कोन आनलीस?"

"पाहुण्या आहेत. परदेशातून आल्यात."

"मंग त्यांना इचार, चिंबोरी पायजे काय? तू तर घेनार नाय. तुज्या देवाला चिंबोरी चालत नाय."

"कशानं चालत नाही, माहीत आहे का हिला?" पाहुणीनं मला विचारलं.

"मना काय म्हाईत?" कोळीणच बोलली. "हिनं कवा सांगितला नाय. आमी समजतो, हिच्या नवऱ्यानं कवातरी नवस केला असंल."

पाहुणी खाली वाकली आणि पाटीतल्या मिश्र वाट्याकडे बोट दाखवून म्हणाली, "हा सगळा द्या. निवडू नका. आहे तसा द्या."

त्या वाट्यात काय नव्हतं? एक छोटा जिताडा, दोनचार बोय, शिंगाळा, मूठभर कोलंबी, बोंबील. एरवी मी असला वाटा घेत नाही, अर्धा टाकून द्यावा लागतो. मी काही म्हणणार इतक्यात माझी ट्यूब पेटली.

आमच्यात एक जुनी गोष्ट आहे. फार पूर्वी एक परका यहुदी माणूस कोकणात आला. इथले काही लोक शनिवारी काम करत नाहीत, असं त्याच्या कानावर गेलं होतं. हे आपलेच की काय, असं त्याला वाटलं. मग त्यानं त्यांच्या बायकांना मिश्र मासळी दिली आणि म्हटलं, रांधा. बायकांनी खवल्यांचे मासे वेगळे काढले, बाकीचे बाजूला सारले, आणि म्हणाल्या, हे आम्ही शिजवत नाही. त्याची खात्री पटली.

म्हणजे ही बाई मला तीच परीक्षा द्यायला लावत होती. नेरूळच्या सेक्टरमध्ये, मिक्सर आणि गॅसच्या शेगडीसमोर. मला इतकी मजा वाटली की नीट वागायचं मी विसरले.

घरी आल्यावर मी परात ओट्यावर ठेवली, वाटा त्यात ओतला आणि हात मागे घेतले. "निवडा."

"मी?"

"पाहुण्यांचा मान."

मग तिनं बाह्या सारल्या. खवल्यांचा जिताडा डावीकडे, बोय डावीकडे. बिनखवल्यांचा शिंगाळा शेपटीला धरून उजवीकडे. कोलंबी उजवीकडे, पण जरा हळू.

"कधी खाल्लीत का?" मी विचारलं.

"नाही. वास फार चांगला येतो पण."

"मलाही तसंच वाटतं."

शेवटी परातीत बोंबील उरले. तिनं एक उचलला आणि तो तिच्या बोटांवरून ओल्या फडक्यासारखा लोंबला.

"हे?" तिनं विचारलं.

"तुम्ही सांगा."

"आमच्याकडे नाही आणत. माझी आई म्हणायची, याला खवले नाहीत."

"आमच्याकडे खातात. माझी आजी म्हणायची, आहेत, नीट बघावे लागतात."

मग दोघींनी चष्मे लावले. तिनं मोबाइलचा दिवा लावला, मी नखानं बोंबलाची शेपूट खरवडली. काहीतरी बारीक चकाकलं. ती म्हणाली पाणी, मी म्हटलं खवला. खिडकीपाशी नेऊन बघितलं तरी निकाल लागेना. तेवढ्यात ती त्याच सुरात, बोंबलावरची नजर न काढता म्हणाली, "तुमची आजी गोऱ्यांतली की काळ्यांतली?"

हा तिचा खरा प्रश्न होता. यासाठी ती घर बघायला आली होती. वंश, गाव आणि मासे हे सगळं त्याच्या आधीचं.

आमच्यात पूर्वी दोन भाग मानत, गोरे आणि काळे. कातडीशी त्याचा संबंध नव्हता. जे आईकडून आणि बापाकडूनही जहाजातल्या माणसांपर्यंत पोचतात असं मानलं जाई, ते गोरे. ज्यांच्या घराण्यात कधीकाळी बाहेरची आई आली असं मानलं जाई, ते काळे. काळ्यांशी सोयरीक नाही, त्यांच्या शेजारी पान नाही. माझ्या पिढीत हे शब्द तोंडातून गेले. घराघरांतल्या म्हाताऱ्यांच्या डोक्यात किती राहिले, ते मात्र कोणी तपासलं नाही.

मी काहीही सांगू शकत होते. खोडून काढणारं कोणी जिवंत उरलेलं नाही. 'गोरे' एवढं एक म्हटलं असतं तर नातवाचं काम झालं असतं. पण मला त्या बाईचा चेहरा कसा होतो ते बघायचं होतं. शिवाय आजीचा विषय निघाला होता, आणि आजीच्या बाबतीत मी आधीच भरपूर वेंधळेपणा करून ठेवलेला होता.

म्हटलं, "मी सांगते, तुम्हीच ठरवा," आणि हिरवं वाटण गॅसवर चढवता चढवता सांगायला लागले.

सुट्टीत मी आजीकडे गावी जायचे. कोणाचा नवस फिटला की मलिदा व्हायचा. भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं, वेलची, वर फळं. मध्ये मोठी परात, प्रार्थना, मग सगळे त्या परातीतून घ्यायचे. फक्त माझ्या आजीसाठी वेगळं ताट यायचं. केळीच्या पानानं झाकलेलं. ते ओटीच्या पायरीशी ठेवलं जायचं आणि आजी तिथेच बसून खायची. मी सात-आठ वर्षांची असेन. बाकी सगळ्यांना एक परात आणि माझ्या आजीला स्वतंत्र ताट, तेही झाकून. मी शाळेत सांगत सुटले की माझी आजी गावची मुख्य आहे. एका मलिद्याला तर मी हट्ट धरला की मलाही आजीसारखं वेगळं ताट पाहिजे, भोकाड पसरलं, आणि सगळ्या बायका गप्प झाल्या. आजीनं मला ओढून मांडीवर घेतलं आणि आपल्या ताटातला मलिदा भरवला. माझ्या विजयाला सीमा नव्हती. आमचा राजवंश बहुधा त्या पायरीवर सुरू झाला. पुढे त्याला यहूदाचं नाव चिकटवलं ते टायपिस्ट झाल्यावर.

"ताट वेगळं का होतं, हे मला पन्नाशीत कळलं," मी पाहुणीला सांगितलं. "तेही एका लग्नात कोणीतरी सहज बोलून गेलं म्हणून. इतकी हुशार मी."

पाहुणीनं बोंबील खाली ठेवला. नळाखाली हात धुतले, पुन्हा धुतले. माझ्या मनात आलं, झालं, पोराचं लग्न मोडलं मी. आता पुण्याला काय सांगू, त्याला काय सांगू? गॅसवर हिरव्या वाटणाचा वास सुटला होता आणि नारळाचं दूध फाटायच्या बेतात होतं, म्हणून मी डाव फिरवत राहिले.

मग ती बोलली. "माझ्या लग्नाच्या वेळी तिकडे कचेरीत बसवलं होतं मला. टेबलामागच्यानं विचारलं, तुझी आई कोण, तिची आई कोण, तिची कोण. त्यांची लग्नं कशी लागली. आपण खरोखर यहुदी आहोत का, याचीच त्यांना शंका. मला आजीच्या मागचं नावसुद्धा येत नव्हतं. एकोणीस वर्षांची मी, नवी साडी नेसून गेलेली."

"गोऱ्यांतल्या ना तुम्ही?"

"आम्ही गोरे. आईनं शंभरदा बजावलेलं. त्याला सांगितलं मी, आम्ही गोरे आहोत. त्याला शब्दच कळेना. त्याच्या लेखी आपण सगळेच काळे."

"मग इथवर येऊन तोच प्रश्न मला विचारायचा?"

मी नीट वागत नव्हते, पण आता उशीर झाला होता.

"दुसरं विचारायचं काय ते माहीत नव्हतं," ती म्हणाली. "मुलगी द्यायची तर काहीतरी विचारायला हवं ना. मला जे विचारलं तेच येतं मला."

मी गॅस बंद केला. "मला एक कळत नाही," मी म्हटलं. "कधीपासून डोक्यात आहे. सात बायका वाचल्या म्हणतात. फुटलेल्या जहाजातून, भरतीच्या पाण्यात, लुगडी का झगे काय असेल ते नेसून. आणि बरोबर सात. पुरुषही सात. इतका चोख हिशेब समुद्र कधी करतो का? मला वाटतं, पुरुष आले असतील चारपाच, आणि बायका होत्या किनाऱ्यावरच. त्यांनीच त्यांना ओढून काढलं असेल."

"म्हणजे आपण सगळेच बाहेरच्या आयांचे?"

"असं मी म्हटलं नाही. मी विचारतेय."

"बारा वंशांत हे कुठे बसवणार तुम्ही?"

"तेच तर. जबुलून का आशेर हे बापांचं झालं. ती आई कोण होती, ते कोणाला विचारायचं?"

ती ओट्याला टेकून विचार करायला लागली. खरोखरीचा विचार, मला ते आवडलं. "आणि तरी तिनं शनिवार पाळला," शेवटी ती म्हणाली. "तिचा नसताना. ते कसं केलं असेल हो? नवरा सांगतो आज चूल पेटवायची नाही, आणि सासू नाही, शेजारीण नाही, कोणी सांगायला नाही."

"पहिल्या शनिवारी भांडली असेल."

"दुसऱ्यालाही," ती म्हणाली, आणि पहिल्यांदा हसली. दात तिचे नव्हते, माझ्यासारखेच.

जेवणं झाली. मग तिनं मोबाइल काढला, गॅलरीत गेली आणि नातीला फोन लावला. मी सुपारी कातरत बसले आणि कान तिकडे. हिब्रूतलं एक अक्षर मला कळत नाही. तिचा आवाज चढला, उतरला, मग नुसतंच "हं, हं". फोनमधून काहीतरी ऐकू येत होतं, ते हसणं होतं की रडणं, ते काचेपलीकडून समजेना. सुपारी इतकी बारीक झाली की तिचं पीठ झालं.

ती आत आली आणि खुर्चीवर बसली.

"काय म्हणाली?" मी विचारलं.

"रडली. तिला वाटत होतं मी नाही म्हणणार."

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, त्याची आजी आगाऊ आहे. तुला जड जाईल. पण एक आहे, विचारलं की सांगते." तिनं पिठातून एक धड खांड शोधून तोंडात टाकलं. "लग्न आमच्याकडे. त्यावर काही बोलू नका."

"नाही बोलत. मेंदी इथे."

"इथे कशी? मुलगी तिकडे."

"मुलीला आणा. दिवाळ्याच्या कोळणीला ती स्वतः सासू झाल्यापासून कोणी मेंदीला बोलावलेलं नाही. आणि तिकडच्या मेंदीला रंग चढत नाही."

"कोणी सांगितलं?"

"मी आत्ताच ठरवलं, विहीणबाई."

टेबलावर माझा मोबाइल थरथरायला लागला. नातवाचं नाव. तिनं त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "उचला की. जीव टांगणीला लागला असेल पोराचा."

"लागू दे थोडा," मी म्हटलं, आणि तिच्यापुढे बडीशेपेची वाटी सरकवली.